नाशिकच्या पाण्याचं आणि सांडपाण्याचं पुढच्या पंचवीस वर्षांचं ध्येय म्हणून नक्की काय लिहायचं?

इंदिरानगर_कट्टा
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्याकडच्या काही सोसायट्या मिळून एक निवेदन तयार करतोय, २०२७ च्या कुंभमेळ्याची कामं चालू आहेत तोवर निदान कोणीतरी ऐकून घेतं, नंतर कोण विचारतंय. तर त्यात नाशिक शहर आणि आजूबाजूचे तालुके धरून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पाणी, संडास, ड्रेनेज याबाबतीत काय व्हायला हवं ते एका पानात लिहायचंय. काम माझ्या गळ्यात पडलं कारण मीटिंगला वही घेऊन गेलेली मी एकटीच.

आतापर्यंत ग्रुपवर आलेल्या सूचना म्हणजे चोवीस तास पाणी द्या, नवीन धरण बांधा, पश्चिमेचं पाणी वळवा, गोदामाई स्वच्छ करा. यात ध्येय कुठलं आणि घोषणा कुठली हेच मला कळेना. संयुक्त राष्ट्रांच्या त्या शाश्वत विकास ध्येयांमधलं सहावं वाचलं, २०३० पर्यंत सगळ्यांना सुरक्षित पाणी आणि संडास असं आहे ते. त्यावर एका काकांनी सांगितलं की आपलं राज्य तर २०१८ लाच हागणदारीमुक्त झालंय, संडासाचा मुद्दा काढून टाक. काढू का? आणि मोजता येईल असं काही सुचवा ना, म्हणजे पाच वर्षांनी जाऊन विचारता आलं पाहिजे की बाबांनो हे झालं का नाही.

सातपूर_जंक्शन
पश्चिमेचं पाणी आणा, विषय संपला. एवढं पाणी अरबी समुद्रात वाहून जातंय आणि आपण इथे बादल्या मोजतोय.

रिटायर्ड_पाटकरी
ताई, पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलंय त्यामुळे लांबड लागणार, सांभाळून घ्या.

"नवीन धरण" लिहायच्या आधी आहे त्या धरणाचं काय झालं ते बघा. गंगापूरची मूळ क्षमता ७.२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आता धरतात ५.६३, मधला दीड टीएमसी गाळाने खाल्ला. लोक लगेच म्हणतात गाळ काढा. काढा की, पण हिशेब करून बघा, दीड टीएमसी म्हणजे जवळपास साडेचार कोटी घनमीटर, एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, १४ घनमीटर बसतो धरलं तरी तीस लाखांच्या वर खेपा होतात. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार ही योजना चांगली आहे, काठाकाठाने शेतकरी नेतात, पाझर तलावाला तर मस्तच, पण गंगापूरसारखं धरण त्याने पूर्वीसारखं होणार नाही. त्यामुळे ध्येय लिहायचं असेल तर वरच्या अंगाला, त्र्यंबकच्या डोंगरातून माती खाली येणं थांबवा असं लिहा. ते स्वस्त आहे आणि कोणी लिहीत नाही कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

दुसरं म्हणजे गंगापूर, काश्यपी, गौतमी, मुकणे, दारणा हे सगळं आपलं एकट्याचं नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटप आहे, त्यावर मेंढेगिरी समिती बसली, २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश आला आणि २०१६ ला हायकोर्टानेही पाणी सोडणं योग्यच धरलं. साधं सांगायचं तर १५ ऑक्टोबरला खाली पैठणच्या जायकवाडी धरणात ठरलेला साठा नसेल, इतकी वर्षं तो ६५ टक्के धरत आलेत, तर वरून सोडावं लागतं. २०२३ ला नाशिक आणि नगरची धरणं मिळून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता. तेव्हा नदीकाठच्या मोटारींची लाईट बंद करतात, वाटेतल्या केटी वेअरच्या, म्हणजे छोट्या बंधाऱ्यांच्या, फळ्या काढतात, रात्री गस्त घालतात, आणि एवढं करूनही किती पाणी वाळूत जिरतं ते आम्हाला विचारा. इकडे लोक रस्त्यावर, तिकडे पैठणला लोक रस्त्यावर. निवेदनात "नाशिकचं पाणी नाशिकला" एवढंच लिहिलंत तर पहिल्याच टेबलावर बाजूला पडेल. अख्खं खोरं धरून लिहा.

सातपूर_जंक्शन
काका म्हणूनच म्हणतो ना पश्चिमेचं आणा. दमणगंगेच्या खोऱ्यात एकदरेला धरण बांधायचं, पाणी वर उचलायचं आणि गोदावरीत सोडायचं, योजना कागदावर तयारच आहे.

रिटायर्ड_पाटकरी
आहे की. पण दमणगंगेचं पाणी घाट चढून येणार म्हणजे पंप, म्हणजे वीज, म्हणजे दरवर्षीचं बिल. बांधायला एकदाच पैसे लागतात, उपसायला कायमचे लागतात. ते बिल कोण भरणार ते आजच लिहून घ्या, मग पाठिंबा देऊ. आणि ज्यांच्या जमिनी त्या धरणात जाणार त्यांच्या नळाला पाणी आहे का तेही एकदा विचारा.

हरसूलकडचा
काकांनी शेवटी विचारलं म्हणून लिहितो. मी त्र्यंबक तालुक्यातला, शिक्षक आहे, गावच्या पाणी समितीत पण आहे.

आमच्याकडे पाऊस एवढा की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि होळी झाली की हंडे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी सगळीकडे तेच. बाहेरच्याला खरं वाटत नाही. काळा पाषाण आहे खाली, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र, पाणी पडतं आणि थेट दरीत जातं, जिरायला त्याला जागाच नाही. वर मजा बघा, अप्पर वैतरणा आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीकडे आणि त्याचं पाणी मुंबई पिते.

जलजीवन मिशन २०१९ ला आलं, माणशी ५५ लिटर रोज, घरात नळ. नळ आले हो, खोटं नाही बोलणार. पाईप आले, टाकी आली, तोट्या बसल्या, फोटो झाले. पण ज्या विहिरीवर ते सगळं उभं आहे ती मार्चमध्ये तळ दाखवते, मग नळाखाली कोंबड्या बसतात सावलीला. बायका परत नदीच्या पात्रातल्या झिऱ्यावर, वाटीने पाणी भरायचं, वाटी भरेपर्यंत थांबायचं, हंडा भरायला अर्धा तास सहज जातो आणि मागे लाईन. माझ्या वर्गातल्या मुली एप्रिलमध्ये गैरहजर का असतात ते हजेरीपटात लिहायला रकाना नाही.

कागदावर मात्र ते घर "नळजोडणी असलेलं" आहे. म्हणून ताई, तुमच्या त्या पानात नळाची संख्या लिहूच नका. १५ मे ला नळाला पाणी आलं का, एवढा एकच प्रश्न लिहा. ते साध्य करायचं तर विहिरीच्या वरच्या अंगाला चर खोदणं, दगडी बांध, झऱ्यांची जागा राखणं, आणि पंपाचं वीजबिल भरायला पाणीपट्टी गोळा होणं, ही बारीक कामं लागतात. शेवटचं सगळ्यात अवघड. बिल थकलं की कनेक्शन तुटतं आणि कोट्यवधीची योजना पाचपन्नास हजारासाठी बंद पडते.

संडासाचा मुद्दा तर अजिबात काढू नका. बारा हजार अनुदान मिळालं, संडास बांधले, त्यातल्या कितीतरी ठिकाणी आज सरपण आणि पेंढा आहे. लोक आळशी आहेत म्हणून नाही. डोक्यावरून आणलेला हंडा संडासात कोण ओतेल? आणि बांधकाम बघा. खरा नमुना दोन खड्ड्यांचा, छोटे खड्डे, जाळीदार विटांचे, मध्ये वाय आकाराचं चेंबर, एका वेळी एकच खड्डा चालू, तो भरला की विटेने तोंड बंद करून दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं दीड-दोन वर्षांत सुकून खत होतं, हाताने काढा आणि शेतात टाका, वास पण नाही. पण ठेकेदाराला सोपं म्हणून, आणि लोकांनाही वाटतं खड्डा मोठा तेवढा चांगला, म्हणून एकच खोल खड्डा मारतात. तो भरला की गावात गाडी येत नाही आणि तिथून पुढे त्याचं काय करायचं ते कोणालाच माहीत नसतं.

चेंबरवाला
सरांनी भारी लिहिलंय. मी ड्रेनेजची कामं घेतो, शहरात आणि शहराबाहेर, त्यामुळे भरला की काय होतं ते मी सांगतो.

शहराच्या कडेला जिथे लाईन पोचली नाही तिथे सगळे सेप्टिक टँकवर. नियमाने दोन-तीन वर्षांनी उपसायला पाहिजे. लोक कधी बोलावतात, तर घरातलं पाणी उलटं यायला लागल्यावर. तोपर्यंत टँकमध्ये गाळच गाळ, म्हणजे टँक काम करतच नसतो, आत येतं ते तसंच्या तसं बाहेरच्या गटारीत. गाडी आली, उपसलं, आणि नेऊन टाकलं कुठे? कोणी विचारत नाही, घरमालकाला पावती पण नको असते. रात्री नाल्यात जातं बरंचसं.

यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही, सिन्नरला जाऊन या. सिन्नर आणि साताऱ्याकडचं वाई, या दोन नगरपरिषदांनी देशात सुरुवातीलाच ठरलेल्या वेळापत्रकाने टँक उपसायचं चालू केलं, म्हणजे तुम्ही बोलवा न बोलवा, तीन वर्षांत एकदा गाडी तुमच्या दारात येणार, पैसे करातून, आणि उपसलेलं सगळं प्रक्रिया केंद्रात. तिथे ते केंद्र दिवसाला ७० हजार लिटरचं आहे. हेच ओझर, पिंपळगाव, इगतपुरी, घोटी असं गटागटाने करता येईल, प्रत्येकाने वेगळं केंद्र कशाला. ताई हे मोजायलाही सोपं आहे, गाडी प्रक्रिया केंद्रात किती वेळा रिकामी झाली तेवढं वजनकाट्यासारखं लिहायचं.

आणि एक विनंती, माणूस चेंबरमध्ये उतरणार नाही हे पण ध्येयात लिहा. २०१३ चा कायदा आहे, तरी उतरतात. १४४२० हा मदतीचा फोन नंबर त्यासाठीच आहे, लोकांना माहीत नाही. माझ्याकडे फोन येतात, "भाऊ गाडी महाग पडते, एखादा पोऱ्या पाठव ना." मी फोन ठेवतो, पण पाठवणारे आहेत.

शहरातल्या सोसायट्यांना पण सांगतो. गच्चीचा पावसाळी पाईप ड्रेनेजला जोडलेला असतो निम्म्या ठिकाणी. मग पहिल्या मोठ्या पावसात चेंबर उसळतात आणि शिव्या कोणाला, आम्हाला.

गोदाकाठ_निफाड
तुमचे चेंबर उसळले की ते येतं आमच्याकडे. नंदिनी, वाघाडी, वालदेवी, सगळ्या गोदावरीला मिळतात आणि गोदावरी आमच्या दारातून जाते. उन्हाळ्यात सायखेड्याच्या पुलाला येऊन बघा, पाणी दिसत नाही, पाणवेली दिसतात, हिरवंगार गालिचा घातल्यासारखं आणि खाली काळं पाणी. पहिला पूर आला की ती सगळी वेल वाहत येऊन पुलाला अडकते, मग जेसीबी. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद आहे ना, वेलीला खतच मिळतंय, आपल्या द्राक्षाला नसेल तेवढं. खाली नांदूर मध्यमेश्वर, २०२० ला राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, हिवाळ्यात पक्षी बघायला नाशिकचे लोक गाड्या भरून येतात आणि पाण्याला वास येतो म्हणून नाक दाबतात. वास कुठून आला ते त्यांना कोणी सांगत नाही, मी सांगतो अधूनमधून.

रिटायर्ड_पाटकरी
निफाडकरांनी मुद्द्याला हात घातला. ताई, आता कागद-पेन घ्या.

२०११ च्या जनगणनेला महापालिकेची लोकसंख्या १४.८६ लाख होती. आता २० लाख धरू, कमी-जास्त असेल. शहराला माणशी १३५ लिटरचा निकष आहे. म्हणजे दिवसाला २७ कोटी लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरायची पद्धत आहे, म्हणजे साडेएकवीस कोटी लिटर. वर्षाचं करा आणि टीएमसीत आणा, एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. उत्तर पावणेतीन टीएमसीच्या पुढे येतं. गंगापूर आज भरतं ५.६३. म्हणजे गंगापूरच्या निम्मं पाणी दरवर्षी आपण वापरून घाण करून खाली सोडतो, आणि नवीन धरण कुठे बांधायचं यावर भांडतो. मी निकषाने धरलंय, प्रत्यक्षात शहर याहून जास्तच उचलतं.

सहाव्या ध्येयात ६.३ म्हणून पोटकलम आहे, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी २०३० पर्यंत निम्म्यावर आणा असं. सगळे ६.१ आणि ६.२ वाचतात, नळ आणि संडास, पुढचं वाचायला कोणी थांबत नाही.

सातपूर_जंक्शन
एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, आहेत की शहरात. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक. मग?

चेंबरवाला
आहेत. पण जुने प्लांट बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचा आकडा) ३० च्या हिशेबाने बांधलेत, आता निकष १० चा आलाय, म्हणून तर सुधारणा चालल्यात. आणि आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत लागतो. रामकुंडावर कोट्यवधी लोक डुबकी मारणार तर हा फरक लक्षात ठेवा, एसटीपीतून दहाने सोडलेलं पाणी कायद्याने पास आहे पण आंघोळीचं नाही. त्यात नाल्यातून परस्पर जे येतं ते तर एसटीपी बघतच नाही. प्लांट कितीही भारी बांधा, लाईन जोडलेली नसेल तर तो उपाशी बसतो आणि नदी भरते.

सातपूर_जंक्शन
बरं मग ते पावणेतीन टीएमसी साफ करून एमआयडीसीला द्या, एकलहऱ्याच्या वीज केंद्राला द्या. २०१६ च्या वीजदर धोरणात आहेच की एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्राने प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरायचं. एकलहरे तर हाकेच्या अंतरावर आहे.

गोदाकाठ_निफाड
थांबा भाऊ, हे ऐकायला फार गोड वाटतं. ते पाणी आज वाया जात नाहीये. घाण का होईना आमच्याच मोटारी ते उचलतात, उन्हाळ्यात नदीत दुसरं असतं काय? ते तुम्ही एमआयडीसीला विकलं तर नदी कोरडी आणि आम्ही पण. द्यायचं असेल तर अट अशी घाला की जेवढं साफ केलेलं पाणी कारखान्याला, तेवढं त्यांचं धरणातलं ताजं पाणी कमी आणि ते नदीत. नाहीतर शहर एकाच पाण्याचे दोनदा पैसे घेणार आणि आम्ही बघत बसणार.

आणि मोजायचं म्हणता तर वाघाडचं उदाहरण घ्या की. दिंडोरी तालुक्यातलं धरण, ओझरच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना पाणी पोचायचंच नाही. नव्वदच्या दशकात तिथे तीन पाणी वापर संस्था झाल्या, घनमापन पद्धतीने पाणी घ्यायचं, म्हणजे एकरावर नाही तर मोजून, मोजलं तेवढे पैसे भरायचे, आणि आवर्तनातलं पाणी नाल्यांवरच्या बांधात अडवून विहिरींना जिरवायचं. पुढे अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांनी चालवायला घेतला. राज्याचा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला २००५ ला, म्हणजे ओझरवाले कायद्याच्या आधी. सटाण्याकडे मोसम-आरमवर गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची फड पद्धत तर कित्येक पिढ्यांची. शेतकरी मोजून पाणी घेऊ शकतो, मग शहराला मीटर म्हटलं की एवढा ताप का येतो?

इंदिरानगर_कट्टा
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना खूप धन्यवाद, आमच्या ग्रुपवर हा धागा टाकला तर मीटरच्या वाक्यावर आत्ताच दोन जण लेफ्ट झाले :)

कच्चं असं लिहिलंय, बघा:

"नाशिकने गोदावरीतून जेवढं घेतलं तेवढं, आंघोळ करता येईल इतपत स्वच्छ करून, खालच्या तालुक्यांना परत द्यावं. डोंगरातल्या पाड्यांवर १५ मे ला नळाला पाणी असावं. जिल्ह्यातला प्रत्येक सेप्टिक टँक तीन वर्षांत एकदा यंत्राने उपसला जावा आणि तो मैला प्रक्रिया केंद्रातच जावा. कारखान्यांना साफ केलेलं पाणी दिलं की तेवढं ताजं पाणी नदीला सुटावं."

पश्चिमेचं पाणी वगळलेलं नाही, पण शेवटी टाकलंय, वीजबिलाच्या अटीसकट. जंक्शन भाऊ रागावू नका.

हरसूलकडचा
१५ मे ठेवलंत, बरं वाटलं. फक्त "पाड्यांवर" च्या ऐवजी "प्रत्येक पाड्यावर" करा. गावठाणात पाणी आलं की अख्खं गाव झालं असं धरतात, पाडे राहून जातात.

सातपूर_जंक्शन
रागावलो नाही. पण "जेवढं घेतलं तेवढं परत" हे जमणार नाही, २० टक्के तर तुमच्याच हिशेबात गायब आहे.

रिटायर्ड_पाटकरी
हे बरोबर बोलला. "घेतलं त्याच्या किमान ८० टक्के" असं करा, नाहीतर अधिकारी त्याच एका वाक्यावर बोट ठेवून बाकीचं उडवतील. शिवाय आधी किती घेतलं ते मोजलेलं पाहिजे, म्हणजे उचलीवरही मीटर आणि सोडण्यावरही मीटर, दोन्ही आकडे एकाच फलकावर.

इंदिरानगर_कट्टा
करते बदल. एक शेवटचं, स्वच्छ झालं का नाही ते नदीत नक्की कुठे बघायचं? रामकुंडावरच ना?

चेंबरवाला
रामकुंड नको, तिथे वरून पाणी सोडून आकडा कधीही गोंडस करता येतो.

गोदाकाठ_निफाड
एक नमुना सोमेश्वरला, शहरात शिरायच्या आधी, आणि एक सायखेड्याच्या पुलाला. प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने घेतंच, त्यांच्याकडूनच मागा. आणि पावसाळ्यातला आकडा दाखवला तर घेऊ नका, ऑगस्टमध्ये सगळ्याच नद्या पास होतात. मार्च ते मे मधला मागा. निवेदन द्यायला कधी जाताय ते कळवा, आमच्या गावातून दोघं-तिघं येतील, सायखेड्याचं पाणी बाटलीत घेऊन.